गिटार कुठून घ्यावी: जवळचं दुकान की मोठी साखळी?

गिटारखरेदीबद्दल आलेल्या पत्रांपैकी सात पत्रं या महिन्यात घेतली आहेत. उत्तरांत मिलिमीटरचे आकडे बरेच येतील. ते मोजायला अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली सहा इंची स्टीलची पट्टी पुरते. स्टेशनरीच्या दुकानात ती मिळते आणि गिटार बघायला जाताना खिशात असलीच पाहिजे.

मुलगी अकरा वर्षांची आहे. क्लासच्या सरांनी यामाहा एफ३१० सुचवली. आमच्या गावातला दुकानदार ९,५०० सांगतो, मुंबईतल्या मोठ्या शोरूममध्ये आणि ऑनलाइन तीच ८,४०० ला आहे. अकराशे रुपये जास्त का द्यायचे? — एक पालक, चिपळूण

हाच प्रश्न दुकानदाराला विचारा. "सेटअप करून देता का? म्हणजे नेमकं काय काय करता?" एवढं विचारलं की पुढचं त्याच्या उत्तरावरून कळेल. सेटअप म्हणजे तारांची उंची आणि नेकचा, म्हणजे गिटारच्या मानेचा, बाक वाजवणाऱ्याला सोयीचा करून देणं. नट (मानेच्या टोकाचा, तारांच्या खाचा असलेला तुकडा) घासतो, सॅडल (पोटावर चिकटवलेल्या ब्रिजमधला, तारा टेकतात तो तुकडा) उतरवतो, ट्रस रॉड (मानेच्या आतली, बाक बदलणारी सळई) बघतो, महिन्याभराने पुन्हा आणा, तारा बसल्यावर एकदा तपासून देतो, असं तो सांगत असेल आणि त्याच्या टेबलावर बारीक कानशी, ॲलन की आणि पट्टी दिसत असेल, तर अकराशे रुपये खुशाल द्या. खोकं उघडून, ट्यून करून हातात द्यायची एवढंच तो करणार असेल, तर ते काम शोरूमही करतं. मग जास्त पैसे देण्यात अर्थ नाही.

सेटअपवर इतका भर देण्याचं कारण सांगतो. कारखान्यातून निघालेली गिटार वेगवेगळ्या हवामानांत जाणार असते, म्हणून तारा थोड्या उंचच ठेवून पाठवतात. उंच तारेने खरखर होत नाही, त्यामुळे तक्रारही येत नाही. पण अकरा वर्षांच्या बोटांना ती तार दाबायला लागणारं बळ फार होतं. दोन महिन्यांत "एफ कॉर्ड (एकाच बोटाने अनेक तारा दाबायचा स्वरसमूह) येतच नाही" म्हणून गिटार कपाटावर जाते. दोष मुलीच्या बोटांचा नसतो, बहुतेक वेळा नटाचा असतो.

दुकान कुठलंही असो, गिटार पुढे ठेवली की या क्रमाने बघा.

आधी ट्यून करायला सांगा. ढिल्या तारांवर केलेलं कुठलंही माप खोटं येतं. फ्रेट म्हणजे नेकवर आडव्या ठोकलेल्या धातूच्या कडा. नटाकडून मोजत बाराव्या फ्रेटवर पट्टी उभी धरा आणि फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. स्टीलच्या तारांच्या गिटारला जाड सहाव्या तारेखाली २.५ मिमी आणि बारीक पहिल्या तारेखाली २ मिमी हे चांगलं माप. नव्या गिटारला ३ ते ३.५ निघालं तर घाबरू नका, ते उतरवता येतं. बाराव्या फ्रेटवर अर्धा मिलिमीटर कमी करायचा असेल तर सॅडलच्या बुडातून एक मिलिमीटर घासावा लागतो, म्हणजे दुप्पट. म्हणून सॅडल ब्रिजच्या वर किती दिसतंय तेही बघा. तीन-चार मिलिमीटर असेल तर घासायला जागा आहे. सॅडल आधीच ब्रिजमध्ये बुडालेलं आणि तारा तरीही उंच, अशी गिटार असेल तर नेकचा कोन चुकलेला आहे. तो सुधारायचा खर्च गिटारच्या किमतीइतका होऊ शकतो. ती बाजूला ठेवा, दुसरी मागा.

दुसरं माप नटाचं. दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये तार दाबा आणि पहिल्या फ्रेटवर तार व फ्रेट यांच्यातली फट बघा. केसाएवढी हवी. टिचकी मारली की तार फ्रेटला लागून बारीक टक् आवाज देते, इतपतच. तिथे जाडसर कागद सहज जात असेल तर नट उंच आहे. पहिल्या तीन फ्रेटवरचे स्वर चढे लागतील आणि एफ कॉर्डला दुप्पट जोर लागेल. ही खाच तारेच्या जाडीच्या कानशीने घासतात. करवतीच्या पात्याने घासणाऱ्याकडे देऊ नका. खाच एकदा रुंद किंवा खोल झाली की उघडी तार खरखरते आणि नवा नट बसवावा लागतो.

तिसरं, नेकचा बाक. पहिला आणि चौदावा फ्रेट एकदम दाबून सातव्याजवळ बघा. व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी, साधारण पाव मिलिमीटर फट असावी. जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पाव फेरा, अजिबात नसेल तर उलट्या दिशेने पाव फेरा. एका वेळी त्याहून जास्त फिरवायचा नाही. हे दुकानदारालाच करू द्या, पण तुमच्या समोर. ट्रस रॉड फिरवायला घाबरणाऱ्या दुकानदाराकडून सेटअपची अपेक्षा ठेवू नका.

त्यानंतर प्रत्येक तारेवरचा प्रत्येक फ्रेट वाजवायचा. वीस फ्रेट, सहा तारा, एकशेवीस स्वर. पाच मिनिटं लागतात आणि ती द्यायलाच हवीत. एखाद्याच ठिकाणी स्वर मेला किंवा पुढच्या फ्रेटचाच स्वर आला, तर तो पुढचा फ्रेट वर आलेला आहे. शेवटी ब्रिजच्या मागच्या कडेला बिलाच्या कागदाचा कोपरा सरकवून बघा. आत गेला तर ब्रिज उचलायला लागलाय. ती गिटार घ्यायची नाही, "चिकटवून देतो" म्हटलं तरी नाही.

आता मोठ्या दुकानाची बाजू. तिथे एकाच मॉडेलचे चार-पाच नग असतात. कारखान्यातून आलेल्या पाच एफ३१० पाच तऱ्हेच्या असतात. वरच्या सगळ्या चाचण्या पाचांवर करून त्यातली एक उचलणं हा फार मोठा फायदा आहे आणि चिपळुणात एकच नग असेल तर तो तिथे मिळणार नाही. शोरूममधले सगळे वाद्य न जाणणारे असतात असंही नाही. धोबी तलावचं फुर्टाडोज १८६५ पासून वाद्यं विकतंय आणि आज त्याच्या अनेक शहरांत शाखा आहेत. प्रश्न त्या शाखेत दुरुस्तीचं टेबल आहे का, की गिटार दुरुस्तीला दुसऱ्या शहरात पाठवतात, हा आहे. विचारून घ्या. मुंबईला जाणारच असाल तर शोरूमची पाचातली एक निवडा आणि तिथेच सेटअप करून घ्या. टांगलेला नमुना तपासून खोक्यातला नग घरी आणू नका. जो तपासला तोच घ्या आणि त्याचा सिरियल नंबर बिलावर लिहून घ्या.

ऑनलाइनमध्ये निवड दुसराच कुणीतरी करतो. ८,४०० मध्ये गावातल्या सेटअपची मजुरी मिळवा आणि मग ९,५०० शी तुलना करा.

मापाबद्दल एक गोष्ट, सरांचा मान ठेवून. एफ३१० ची तारेची लांबी ६३४ मिमी आहे आणि पोट मोठ्या माणसाच्या मापाचं. मुलीला खुर्चीवर बसवून गिटार मांडीवर द्या. उजवा खांदा वर उचलल्याशिवाय हात तारांवर येतो का आणि डावा कोपर वाकलेला ठेवून पहिला फ्रेट दाबता येतो का ते बघा. दोन्ही जमत असेल तर घ्या. नसेल तर लहान पोटाची किंवा यामाहाच्याच जेआर२ सारखी ५४० मिमी तारेची बघा. आणि पहिल्याच दिवशी १०-४७ च्या (पहिल्या आणि सहाव्या तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) बारीक तारा लावून घ्या.

चिपळूणसाठी अजून एक. जुलैत मोजलेली उंची आणि जानेवारीत मोजलेली उंची एक नसते. पावसाळ्यात लाकूड ओल पितं, पोट फुगतं, त्यासोबत ब्रिजही वर येतो आणि तारा उंचावतात. पावसात घेतली असेल तर सॅडल पूर्ण उतरवू नका. दिवाळीनंतर पुन्हा मोजा, मग राहिलेलं घासा.

जानेवारीत मोठ्या साखळीच्या संकेतस्थळावरून सॉलिड टॉपची गिटार मागवली. तेव्हा छान होती. मे महिन्यात फ्रेटची टोकं हाताला ओरबाडतात आणि वरच्या फ्रेटवर खरखर येते. कंपनी म्हणते हा उत्पादनदोष नाही. — विद्यार्थी, नागपूर

कंपनीचं म्हणणं बरोबर आहे, पण तुमचं नुकसानही खरं आहे. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. नागपूरची मे महिन्यातली दुपारची हवा २० टक्क्यांच्या आसपास उतरते. लाकूड आडव्या दिशेने आकसतं, धातूचा फ्रेट आकसत नाही, म्हणून त्याची टोकं बाहेर डोकावतात. पोट खाली बसतं, तारा फ्रेटजवळ येतात आणि खरखर सुरू होते. सॉलिड टॉप म्हणजे पुढची फळी एकसंध लाकडाची, ती प्लायच्या टॉपपेक्षा कितीतरी जास्त हलते. यापुढची पायरी टॉपला उभी चीर पडण्याची असते, तेव्हा आजच हालचाल करा.

गिटार भिंतीवरून काढा आणि केसमध्ये ठेवा. साबणाच्या प्लास्टिकच्या डबीला दहा-बारा भोकं पाडा, त्यात स्पंज भिजवून आणि पाणी गळणार नाही इतका घट्ट पिळून ठेवा. डबी हेडस्टॉकजवळ, म्हणजे खुंट्या असलेल्या टोकाजवळ, लाकडाला न टेकवता. दोन-तीन दिवसांनी स्पंज पुन्हा भिजवा. केसमध्ये एक छोटा आर्द्रतामापक असू द्या. ४५ वर आलं की डबी काढून घ्यायची. कूलरच्या झोतात गिटार कधीही ठेवू नका. दिवसभर वीस टक्के आणि कूलर चालू असताना ऐंशी, हा हेलकावा सततच्या कोरड्या हवेपेक्षाही वाईट.

आठवड्या-दोन आठवड्यांत पोट वर येईल आणि खरखर बरीचशी आपोआप जाईल. त्याआधी सॅडल बदलू नका, नाहीतर ऑगस्टमध्ये तारा आभाळात जातील. फ्रेटची टोकं मात्र घासून घ्या. लाकूड आकसलेलं असतानाच घासली तर पुन्हा डोकावत नाहीत. फ्रेटबोर्डवर मास्किंग टेप लावायची, लांब सपाट कानस कडेला समांतर धरून सगळी टोकं एका पातळीत आणायची, मग ४५ अंशाचा उतार द्यायचा. नागपुरात गिटार दुरुस्त करणाऱ्याच्या हातून दर उन्हाळ्यात असे फ्रेट जातात, त्याला हे नवीन नाही. जवळच्या दुकानाचं महत्त्व इथे आहे. दमट शहरातल्या गोदामातून माल पाठवणाऱ्याला तुमचा मे महिना माहीत नसतो. कोरडेपणाने झालेलं नुकसान बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत धरलेलंच नसतं, हे पुढच्या खरेदीच्या वेळी कागद वाचून खात्री करून घ्या.

गिटारचा ब्रिज मागून उचलला आहे. जिथून घेतली ते शोरूम म्हणतं पुण्याला पाठवावी लागेल, महिना लागेल. मिरजेत तंबोरे-सतार करणारे आहेत. त्यांच्याकडे द्यावी का? — सांगली

काही कामं त्यांच्याकडे डोळे झाकून द्या, काही अजिबात देऊ नका.

द्यायचं काम म्हणजे हाडाचं सॅडल आणि नट. जवारी, म्हणजे तंबोऱ्याच्या तारांखालची घोडी, घडवणारा हात हाड घासण्यात तयार असतो. स्वस्त गिटारमधलं पोकळ प्लास्टिकचं सॅडल काढून त्यांनी घडवलेलं हाडाचं बसवलं तर आवाजात फरक कळतो. पण आधी नीट समजावून सांगा. तंबोऱ्याच्या जवारीचा माथा रुंद आणि किंचित उतरता असतो, तार त्यावर घासत राहते आणि त्यातूनच ती झंकार येते. गिटारला याच्या नेमकं उलट हवं. सॅडल सुमारे ३ मिमी जाड, माथा गोलसर आणि तार एकाच बिंदूवरून सुटलेली. सपाट माथा राहिला तर गिटार सतारीसारखी बोलेल आणि ती इथे चूक आहे. जुनं सॅडल नमुन्याला द्या, उंची त्याच्यावरून घेऊ द्या.

फ्रेटचं काम देऊ नका. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले, सरकवता येणारे. गिटारचे फ्रेट खाचेत ठोकलेले आणि सगळे एका पातळीत असावे लागतात. ती पातळी आणण्याची हत्यारं आणि सवय वेगळी.

आता तुमचा ब्रिज. आजच तारा सैल करा. १२-५३ च्या संचाचा ताण सत्तर किलोच्या पुढे असतो आणि तो सगळा ब्रिजला वर-पुढे उपटत असतो. फट अजून कागदाएवढीच असली, तरी तिच्यात डिंक भरून दाबणं ही दुरुस्ती नव्हे. ब्रिज उष्णतेने सैल करून पूर्ण काढायचा, दोन्ही बाजूंचा जुना डिंक खरवडायचा, लाकूड लाकडाला भिडेल असं करायचं, लाकडासाठीचा पिवळा ॲलिफॅटिक डिंक पातळ लावायचा, आतून-बाहेरून क्लॅम्प लावून चोवीस तास ठेवायचं आणि तारा चढवायच्या आधी अजून एक दिवस थांबायचं. आत पट्ट्या असतात, त्यावर क्लॅम्पचा जोर पडू नये म्हणून लाकडी ठोकळे लागतात. मिरजेतल्या ज्या कारागिराकडे साउंडहोलमधून, म्हणजे पोटावरच्या गोल भोकातून, आत जाणारे लांब क्लॅम्प असतील, त्याला हे काम देता येईल. झटपट चिकटणारा सायनोॲक्रिलेट डिंक कुणालाही लावू देऊ नका. तो ठिसूळ होऊन पुन्हा सुटतो आणि सुटताना टॉपचा पापुद्रा घेऊन येतो. मग पुण्याचा कारागीरही हात टेकतो.

ब्रिज उचलण्याचं कारणही शोधा. बंद गाडीत उन्हात ठेवली होती का? तिथल्या तापमानाला डिंक मऊ होतो. जाड तारा चढवल्या होत्या का? दोन्ही नसेल आणि गिटार वर्षाच्या आतली असेल तर दुरुस्ती बाहेर करण्याआधी शोरूमकडून लेखी उत्तर घ्या, नाहीतर वॉरंटी गेली असं ते म्हणतील.

गिटारसोबत बॅग, पट्टा, कॅपो, पिक, तारा, ट्यूनर "फ्री" देणारे कॉम्बो घ्यावेत का? आणि कोलकात्याच्या स्वस्त गिटार कशा असतात? — पुणे

कॉम्बोतली बॅग बहुधा बिनफोमची असते. ती धूळ अडवते, धक्का नाही. गिटारच्या नेकला पट्ट्याचं बटण नसेल तर पट्टा उपयोगाचा नाही. ट्यूनर फोनवर असतो. दुकानदाराला सांगा, हे सगळं ठेवा, त्याऐवजी सेटअप करा, तारांचा एक जास्तीचा संच द्या आणि जाड फोमची बॅग द्या. जवळच्या दुकानात हा सौदा जमतो. साखळीच्या काउंटरवर किंमत संगणकात असते, तिथे जमणं अवघड.

कोलकात्यात गिटार बनवण्याचा जुना धंदा आहे आणि तालुक्याच्या ठिकाणच्या दुकानांत तिथलाच माल जास्त दिसतो. गिव्हसन हे तिथलं नाव. अमेरिकेच्या गिब्सनशी त्याचा संबंध नाही, नाव वाचताना गोंधळू नका. या किमतीत नगानगात फरक फार, म्हणून ऑनलाइन मागवायच्या नाहीत, हातात घेऊनच घ्यायच्या. ट्रस रॉड आहे का ते विचारा आणि साउंडहोलमध्ये किंवा हेडस्टॉकवर त्याचं तोंड दाखवायला सांगा. नसेल तर वर्षभराने नेक वाकला की उपाय राहत नाही.

"सॉलिड टॉप आहे" असं सांगितलं तर साउंडहोलच्या कडेला फोनचा टॉर्च धरा. वरच्या लाकडाची रेघ कडेवरून सरळ खाली उतरलेली दिसली तर लाकूड एकसंध. कडेत दोन-तीन थर दिसले, मधला वेगळ्या रंगाचा, तर ते प्लाय. प्लाय वाईट नाही, कोकणात तर ते जास्त टिकतं, पण सॉलिडची किंमत त्याला देऊ नका.

आमच्या भागातल्या दुकानातून नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार घेतली. आवाज लहान वाटला म्हणून त्यांनी स्टीलच्या तारा लावून दिल्या. चालेल ना? — म्हापसा

नाही. हे वाचून झालं की लगेच सैल करा. नायलॉनच्या संचाचा ताण सुमारे चाळीस किलो, स्टीलचा त्याच्या दीडपट ते पावणेदोनपट. क्लासिकलच्या आतल्या पट्ट्या नाजूक असतात आणि बहुतेकींना ट्रस रॉड नसतो. काही आठवड्यांत टॉप ब्रिजमागे फुगेल किंवा ब्रिज निघेल. दुकानाने हे स्वतःहून केलं असेल तर नायलॉनच्या तारा त्यांच्याकडून बदलून घ्या आणि पुढची दुरुस्ती दुसरीकडे करा. मोठा आवाज हवा असेल तर ती गिटार बदलून स्टीलची घ्या.

नायलॉन पुन्हा लावल्यावर आठवडाभर सूर उतरत राहतील, ते ताणून बसेपर्यंत तसंच चालतं. उंचीचं मापही वेगळं: बाराव्या फ्रेटवर ४ आणि ३ मिमी.

भाचा न्यू जर्सीत आहे. तिथल्या मोठ्या चेन स्टोअरमधून गिटार आणि अँप आणू म्हणतो. स्वस्त पडेल? — ठाणे

अँप, म्हणजे आवाज मोठा करणारं यंत्र, आणू नका. तिथली वीज १२० व्होल्टची, आपली २३०. व्होल्टेज बदलण्याची सोय नसलेलं अँप इथे थेट लावलं तर जळेल आणि जड ट्रान्सफॉर्मर विकत घ्यावा लागेल.

गिटारसाठी हिशेब असा. तिथल्या पाटीवरच्या किमतीत कर नसतो, न्यू जर्सीत वर ६.६२५ टक्के लागतो. त्यात केस आणि विमानाचं सामान मिळवा. इथे मिळणाऱ्या सुरुवातीच्या मॉडेलसाठी हा खटाटोप परवडत नाही. इथे न येणाऱ्या वरच्या दर्जाच्या मॉडेलसाठी परवडू शकतो. वॉरंटी बहुधा खरेदीच्या देशापुरती असते, म्हणजे इथे दोष निघाला तर खर्च तुमचा. दुकान मोठं आहे म्हणून निश्चिंत राहू नका. अमेरिकेतली सर्वांत मोठी साखळी गिटार सेंटर नोव्हेंबर २०२० मध्ये दिवाळखोरीच्या संरक्षणात गेली होती, ती पुन्हा उभी राहिली. १९२४ साली ब्रुकलिनमध्ये सुरू झालेल्या सॅम ॲशने मात्र २०२४ मध्ये सगळी दुकानं बंद केली.

भाच्याला पहिल्या उत्तरातली मापं पाठवा आणि दुकानातून पट्टीसकट व्हिडिओ करायला सांगा. तिथे भिंतीवर टांगलेल्या गिटार दिवसभर लोक वाजवून बघतात. तोच नग विकत असतील तर ओरखडे आणि फ्रेटची झीज दाखवून किंमत कमी करून मागावी. प्रवासात कडक केसच हवी. तारा दोन-तीन सुरांनी उतरवायच्या, हेडस्टॉकच्या खाली आणि दोन्ही बाजूंना कपड्याच्या घड्या घट्ट बसवायच्या. प्रवासात सर्वांत जास्त तुटतं ते हेडस्टॉकच. बिल सोबत ठेवा आणि सीमाशुल्काच्या मर्यादेपेक्षा जास्त किंमत असेल तर जाहीर करा. हिवाळ्यात तिथल्या हीटर लावलेल्या घरातली हवा फार कोरडी असते. ठाण्यात आल्यावर केस एक दिवस बंदच ठेवा, मग उघडा. महिनाभराने तारा उंचावल्या वाटतील, सेटअप तेव्हा करायचा, आल्या आल्या नाही.

दुकानातून घेतलेल्या गिटारचा नेक पिळलेला निघाला. दुकानदार पाटीकडे बोट दाखवतो: विकलेला माल परत घेतला जाणार नाही. — नाशिक

दोष असेल तर ती पाटी त्याला वाचवत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सदोष वस्तू बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. रंग आवडला नाही किंवा आवाज पटला नाही यासाठी मात्र हा आधार नाही.

आधी पिळलेपणा सिद्ध करा. गिटार ट्यून करून हेडस्टॉककडून फ्रेटबोर्डवर नजर लावा. पहिला फ्रेट आणि बारावा फ्रेट एकमेकांना समांतर दिसले पाहिजेत. एक कलला असेल तर दोन सारख्या पट्ट्या त्या दोन फ्रेटवर आडव्या उभ्या ठेवा, म्हणजे कल ठळक दिसतो. त्याच कोनातून फोटो काढा. दुसऱ्या एखाद्या गिटार दुरुस्त करणाऱ्याकडून चार ओळी लिहून घ्या: सिरियल नंबर, तारीख, नेक पिळलेला आहे, ट्रस रॉडने हे सुधारत नाही. ट्रस रॉड बाक काढतो, पीळ काढत नाही, हे वाक्य त्यात हवंच, कारण दुकानदार "रॉड फिरवून देतो" म्हणेल आणि दिवस जातील.

मग दुकानदाराला बिलाच्या प्रतीसह लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रार मोजली जात नाही. उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. तेवढ्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे गिटार मुंबईच्या साखळीतून घेतली असती तरी नाशिकमध्येच. ऑनलाइन खरेदीत तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. त्याचं नाव संकेतस्थळावर असतं.

बिल कच्चं असेल तर यातलं बरंच अडतं. आजच जाऊन मॉडेल, सिरियल नंबर आणि तारीख असलेलं पक्कं बिल मागा. आयात केलेल्या गिटारच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश आणि एमआरपी छापलेली असावी लागते. त्या लेबलचा फोटोही ठेवा. दुकानदार हात वर करेल तेव्हा पत्राची एक प्रत त्या आयातदारालाही पाठवता येईल.